घाम न येणारी जागा

नमस्कार, श्रोतेहो.

त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज घामाच्या तक्रारी येतात. फार येतो, वास येतो, कपड्यांवर डाग पडतात. ‘डॉक्टर, मला घामच येत नाही हो,’ असं मात्र क्वचितच कुणी सांगतं. आज मला मुख्यतः या न येणाऱ्या घामाविषयी बोलायचं आहे, कारण तो जास्त घातक असतो.

आपल्या त्वचेत सुमारे 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. तळहात, तळपाय आणि कपाळावर त्या सर्वांत दाट. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला रक्त तापल्याचं कळलं, की तो मज्जातंतूंमार्फत या ग्रंथींना कामाला लावतो. बाहेर येतं ते बहुतांशी पाणी आणि थोडं मीठ. काखेतल्या आणि जांघेतल्या मोठ्या ग्रंथी वेगळ्या, त्या वयात आल्यावर जाग्या होतात. त्यांचा स्राव दाट असतो, पण त्यालाही स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जीवाणू त्याचं विघटन करतात, तेव्हा दुर्गंधी येते.

शरीर थंड होतं ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. माठाचंही तेच. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी गारेगार होतं, कोकणात तेवढं होत नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवनच मंदावतं. मुंबई-रत्नागिरीकडे पारा नागपूरपेक्षा कमी असूनही माणूस हैराण होतो, तो यामुळेच. घाम नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र अंगातच राहते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी लाखो माणसं बसली होती आणि त्यांतली 14 दगावली. तेव्हा पारा काही विदर्भातल्या मे महिन्याइतका चढलेला नव्हता. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांना माझी कळकळीची विनंती आहे, फक्त तापमानाचा आकडा बघून उन्हात जाऊ नका.

उन्हात राबणाऱ्याच्या बनियनवर पांढरे पट्टे उमटतात, ते मिठाचे. उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर आणि भरपूर सुटायला लागतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. गावाहून पहिल्यांदाच बांधकामावर आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करायला लावणं म्हणूनच धोक्याचं. ऊन लागून माणूस बरळायला लागला, तर त्याचं अंग कोरडं आहे की घामेजलेलं, याची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच पाणी मारत दवाखान्यात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

घामोळं सर्वांना माहीत आहे. घामाची नलिका वरच्या थरात बुजते, घाम आतच मुरतो आणि बारीक लाल पुरळ टोचायला लागतं. त्यावर पावडरीचा थर देऊ नका, तोंडं आणखी बुजतात. गार पाण्याची आंघोळ, सुती सैल कपडे आणि पंखा, बाळांना एवढं बहुतेक वेळा पुरतं. काखमांजरी वारंवार होत असेल, तर मात्र नुसता पू काढून भागत नाही. हा घामग्रंथींचा आजार समजला जायचा, पण सुरुवात केसांच्या मुळाशी होते. लठ्ठपणा आणि धूम्रपानाने तो बळावतो.

काही मुलांच्या तळहाताला इतका घाम येतो, की परीक्षेत उत्तरपत्रिका ओली होते, हाताखाली रुमाल धरून लिहावं लागतं. त्यांना ‘घाबरू नकोस’ म्हणून उपयोग नाही, हा आजार आहे. रात्री लावायचं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध, पाण्यात हात ठेवून दिला जाणारा सौम्य विद्युतप्रवाह, बोटॉक्सची इंजेक्शनं, असे उपचार आहेत. हा घाम झोपेत थांबतो. उलट, झोपेत अंथरूण भिजवणारा घाम येत असेल आणि सोबत बारीक ताप, खोकला, वजन घटणं असेल, तर आधी क्षयाची तपासणी करून घ्या.

आता कोरड्या जागेकडे येते. मूल खेळून आलंय, चेहरा घामाने डबडबलाय आणि गालावर रुपयाएवढा फिकट चट्टा तेवढा कोरडा आहे. आया हे बरोबर टिपतात. असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, कारण तो घामाच्या ग्रंथींपर्यंत जाणारे मज्जातंतू निकामी करतो. सरकारी आरोग्य केंद्रात औषधं मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, आणि रोग बरा होतो. लपवू नका. मधुमेही मंडळींनीही पावलांकडे बघावं. घाम बंद झालेला तळवा कोरडा पडून भेगाळतो आणि त्या भेगेतूनच जखम चिघळते.

आणि काही बाळांत घामाच्या ग्रंथी जन्मतःच नसतात किंवा अगदी थोड्या असतात. उन्हाळा आला की ताप. तापाच्या औषधाने उतरत नाही, पण ओल्या फडक्याने पुसलं की उतरतो. दात उशिरा येतात, तेही मोजके आणि टोकदार, केस विरळ. चार्ल्स डार्विनने 1875 मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत नोंदवली होती. चार पिढ्यांत असे दहा पुरुष. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांत पुन्हा तेच. दोष बहुधा एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आईकडून मुलाकडे जातो. यात आईचा काहीही अपराध नाही, हे घरातल्या थोरांनी नीट समजून घ्यावं.

अशी मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. त्यांना फक्त घामाऐवजी बाहेरचं पाणी लागतं. मी त्यांच्या शाळेला चिठ्ठी लिहून देते: याला पंख्याखाली बसवा, दुपारी मैदानावर पाठवू नका, आणि तास चालू असतानाही बनियन भिजवून यायला परवानगी द्या.

नमस्कार.