चूक न काढणारा श्रोता

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी पशुवैद्य. आमच्याकडे सरळ 'ढोरांचा डॉक्टर' म्हणतात. त्यामुळे मुलांच्या मनाबद्दल बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा आधी वाटलं, पत्त्यात काहीतरी गफलत झाली.

मग बोरिस लेव्हिन्सन आठवले. हे अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ. एक मूल ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आलं. लेव्हिन्सनांचा कुत्रा, जिंगल्स, तिथेच होता. एरवी कुणाशी फारसं न मिसळणारं ते मूल त्याच्याशी खेळायला लागलं. यावर त्यांनी 1962 मध्ये लेख लिहिला, तर व्यवसायबंधूंनी थट्टा केली. फीमधला कुत्र्याचा वाटा किती, असंही कुणी विचारलं म्हणे!

मला जास्त आवडतं ते 1999 मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झालेलं काम. वाचताना अडखळणारी मुलं तिथे कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवतात. कुत्रा शिकवलेला, तपासलेला असतो, शेजारी पसरून पडलेला असतो. त्याला सांभाळणारा माणूसही बाजूला बसतो. मूल एखाद्या शब्दाला अडलं की तो 'चुकलं' म्हणत नाही. म्हणतो, 'याला हा शब्द कळला नाही वाटतं, जरा समजावून सांगतोस?' आता बघा, न येणारा कोण झाला? कुत्रा. आणि शिकवणारा? ते मूल. आपल्या वर्गात उभं राहून वाचताना पोराची मान का खाली जाते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चाळीस जण हसायला टपलेले असतात. कुत्र्याला हसता येत नाही, आणि तो शेरेही लिहीत नाही.

आकडे हवे असतील तर, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत 249 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. तो 2019 मध्ये छापून आला. कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. नुसतं लांबून बघणाऱ्यांना तेवढा गुण आला नाही. ती कॉलेजची मुलं होती हे खरं, आणि दहा मिनिटांवर फार मोठी इमारत बांधू नये. पण इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाने आठ ते दहा वर्षांच्या मुलांवर कुत्र्यासोबत चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं असा प्रयोग केला, तोही त्याच दिशेने बोट दाखवतो.

आपल्याकडे मात्र गंमत उलटी आहे. गावातलं मूल सकाळी शेळ्यांना पाला टाकूनच शाळेत येतं, आणि फाटकात आल्यावर ते सगळं विसरायचं असतं. एका जूनमध्ये शाळेशेजारच्या वाडीत आंत्रविषाराची, म्हणजे शेळ्यांच्या आतड्याच्या रोगाची, लस टोचायला गेलो होतो. एक मुलगी प्रत्येक शेळीचा इतिहास सांगत होती: ही कधी व्याली, हिला किती झाली, कुठली दूध पाजत नाही. तिचे गुरुजी कुंपणाशी उभे होते. मला हळूच म्हणाले, "ही बोलते?"

म्हणून शाळेत प्राणी आणायचाच असेल तर परदेशी जातीचं पिल्लू विकत आणू नका. पिंजऱ्यातला पोपट तर नकोच. आपले रानपोपट आणि चांदणी कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ससा गोजिरा दिसतो, पण तो शिकार होणारा जीव. उचलला की घाबरतो, आणि धडपडीत स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. त्यापेक्षा चार कोंबड्या बऱ्या. कुत्रा असेल तर रेबीजची लस वेळच्या वेळी हवी, आणि चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना. ज्या मुलाला भीती वाटते किंवा शिंका येतात, त्याला जबरदस्ती नको. प्राण्यालाही उठून निघून जायची मुभा हवी. शेपूट पायात घालून बसलेल्या कुत्र्यावर वीस हात फिरत असतील, तर तिथे शांत कुणीच होत नसतं.

कोंबड्यांची परवानगी मागायला मुख्याध्यापकांकडे जाल, तेव्हा फायद्यांची यादी नेऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत दाणापाणी कोण करणार, याची मुलांनीच लिहिलेली पाळी न्या. ती तयार नसेल तर कोंबड्या पुढच्या वर्षी.