शून्य अंशाची खळ

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : मेट्रोचा डबा. दाराजवळ उभ्या केलेल्या स्की. काचेवरून पाण्याचे ओघळ.)

नॉर्वेतल्या ऑस्लोची एक नंबरची मेट्रो. शहराच्या पोटातून निघते आणि डोंगर चढत चढत फ्रोग्नरसेतेरनला येऊन थांबते. उंची 469 मीटर, या मेट्रोचं सगळ्यात उंच स्टेशन. रविवारची सकाळ आहे, डब्यात उभं राहायला जागा नाही, माणसं कमी आणि स्की जास्त.

काचेवरचे ओघळ बघा. तो पाऊस आहे. खाली शहरात पाऊस, वर पोहोचेपर्यंत त्याचा ओला बर्फ होईल. मघापासून सगळे फोनमध्ये डोकं घालून तापमानाचा एकच आकडा बघतायत. अधिक एक.

उणे पाच असतं तर ही फिल्म झालीच नसती. उणे पाचला मेणाची निळी कांडी काढायची, स्कीच्या तळाला घासायची, निघायचं. लहान पोरंही करतात.

(दृश्य : स्कीचा तळ, क्लोजअप. दोन स्की तळाला तळ लावून धरलेल्या, मधे फट.)

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे सपाटीवर, चढावर स्वतःच्या पायांनी जायचं. लिफ्ट नाही. आणि यात मुळातच एक अडचण आहे : स्की घसरली पाहिजे, आणि त्याच स्कीने पाय रोवताही आला पाहिजे. घसरली नाही तर पुढे जाणार कसे, आणि रोवली नाही तर चढणार कसे?

ही फट बघा. स्की धनुष्यासारखी वाकलेली असते. दोन्ही पायांवर उभे असाल तर मधला भाग बर्फाला जेमतेम लागतो. एका पायावर सगळा भार टाकून झटका दिलात की तो दबतो, बर्फाला भिडतो. फक्त या मधल्या पट्ट्याला, टाचेपासून पुढे हात-दीड हात, पकडीचं मेण लावायचं. झटक्याच्या त्या क्षणी बर्फाच्या कणांची टोकं मेणात रुततात आणि स्की जागच्या जागी धरली जाते. पाय उचलला की टोकं सुटतात. मेण मऊ असेल तर टोकं सुटत नाहीत, कडक असेल तर रुततच नाहीत.

(दृश्य : घरमालकीणबाई. स्टेशनबाहेरच्या बाकाजवळ गुडघ्यावर बसून मुठीत बर्फ घेतात.)

या आमच्या घरमालकीणबाई. सत्तरी ओलांडलीय. नॉर्वेजियन भाषेत आता सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू'च म्हणतात, पण माझ्या जिभेला अजून ते वळण नाही, त्यामुळे या निवेदनात त्या 'बाई'च राहतील.

बाई थर्मामीटर काढत नाहीत. हातमोजा काढतात.

(दृश्य : मूठ आवळलेली. बोटांच्या फटींतून पाणी. आवाज फक्त प्रत्यक्ष ठिकाणचा, पाच सेकंद.)

थर्मामीटर का नाही? कारण बर्फात खुपसला तर तो शून्य सांगेल. हवा अधिक एक असो, अधिक चार असो, की अधिक सात. वितळणारा बर्फ शून्याच्या वर जातच नाही. हवेतली ऊब त्याला तापवत नाही, त्याचं पाणी करते. म्हणजे उण्यातल्या बर्फाबद्दल आकडा पुष्कळ काही सांगतो, आणि नेमका शून्यावर येऊन मुका होतो. तिथून पुढे प्रश्न तापमानाचा उरत नाही, पाणी किती आणि कण कसा याचा असतो.

(दृश्य : तळहातावरचे कण, अगदी जवळून. दोन वेगवेगळ्या ठिकाणचा बर्फ.)

डावीकडचा बर्फ पहाटे पडलेला. ओल्या नारळाचा चव किसून ठेवावा तसा. पाकळ्यांची टोकं अजून थोडीफार शाबूत आहेत. उजवीकडचा आठवड्यापूर्वीचा, दिवसा वितळून रात्री गोठलेला, पुन्हा वितळलेला. भिजवलेला साबुदाणा. गोल, बोथट, पाणीदार.

साबुदाण्याला टोकंच नाहीत, मग मेणात रुतणार काय? त्यासाठी मेण नव्हे, चिकटाच लागतो. त्याचं नाव क्लिस्टर. नॉर्वेजियनमध्ये क्लिस्टर म्हणजे चिकटवायची खळ. आमच्या लहानपणी पतंगाला आणि वह्यांच्या कव्हरांना लागायची ती. फक्त ही खळ वाळत नाही.

(दृश्य : जुनी लाकडी स्की भिंतीवर. डांबराचा डबा.)

आता जरा मागे जाऊ, कारण बाईंच्या तळघरात ही स्की सापडली आणि ती दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. लाकडी स्कीला पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर लावत. लाकूड भिजू नये हा मूळ हेतू, पण त्यावर मेणही छान धरतं. डबा उघडला की आजही धूर आणि जंगल असा दोन्हींचा वास येतो. कॅमेऱ्यात तेवढा येत नाही.

पकडीसाठी मग जो तो घरच्या चुलीवर काहीबाही शिजवायचा. मेणबत्त्या, राळ, चरबी, सायकलची जुनी ट्यूब. ग्रामोफोनच्या तबकड्याही वितळवल्याचं सांगतात. मिश्रण जमलं तर ते गुपित, नाही जमलं तर स्वयंपाकघराला रंग. 1913 साली पेटर ओस्टब्यू या नॉर्वेजियन स्कीपटूने ओल्या आणि खरखरीत बर्फासाठी क्लिस्टरचं पेटंट घेतलं, आणि चुलीवरची गोष्ट डबीत आली.

दुसरं नाव स्वीडनचं. मार्टिन मात्सबू. 1936 च्या ऑलिंपिकमध्ये रिलेचं कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातला खेळाडू. औषधं बनवणाऱ्या आस्त्रा कंपनीबरोबर काम करून त्याने मेण प्रयोगशाळेत नेलं आणि 1946 मध्ये 'स्विक्स' बाजारात आलं. रंगांची भाषा तिथून घरोघर पोहोचली. हिरवं कडाक्याच्या थंडीचं, निळं नेहमीच्या थंडीचं, लाल ओल्याचं. आज मधे जांभळं आहे, पिवळं आहे, प्रत्येकाचे 'एक्स्ट्रा' आणि 'स्पेशल' आहेत. मघाची ती निळी कांडी, ब्लू एक्स्ट्रा, तिच्यावर छापलंय : उणे एक ते उणे सात. छापील पट्टी शून्याजवळ आली की हे आकडे एकमेकांवर चढायला लागतात आणि दुकानदार खांदे उडवतो.

(दृश्य : नकाशा, काळ्या समुद्राचा किनारा. सोचीच्या शर्यतींचं फुटेज आपल्याकडे नाही. इथे रेंगाळायचं नाही.)

हा घोळ फक्त रविवारच्या हौशी लोकांचा नाही. फेब्रुवारी 2014, सोची ऑलिंपिक. ऊन असं की काही खेळाडू बाह्या कापून धावले. नॉर्वेचा संघ मेणवाल्या तज्ज्ञांची फौज घेऊन गेला होता, आणि रिलेत बायकांचा संघ पाचवा आला, पुरुषांचा चौथा. दोन्ही सुवर्णं शेजारच्या स्वीडनला. अशा फजितीला इकडे खास शब्द आहे, 'स्म्योरेबोम'. मेण हुकलं! तो शब्द त्या आठवड्यात देशभर झाला.

त्याच सोचीत, 14 फेब्रुवारीला, 15 किलोमीटर क्लासिक, म्हणजे याच पकडीच्या पद्धतीच्या शर्यतीत जम्मू-काश्मीरचे नदीम इक्बाल भारतासाठी धावले. भारतीय ऑलिंपिक संघटनेवरची बंदी तीनच दिवस आधी उठली होती, म्हणून छातीवर देशाचं नाव तरी लावता आलं. त्यांच्या स्कीला त्या दिवशी काय लावलं होतं हे विचारायला मला फार आवडलं असतं.

(दृश्य : तळघर, आदली संध्याकाळ. ट्यूबलाइट. स्टँडवर उलटी ठेवलेली स्की.)

आता मुख्य काम. हे आदल्या संध्याकाळचं चित्रण आहे.

पहिल्यांदा सँडपेपर. गुळगुळीत प्लॅस्टिकवर खळ टिकत नाही, म्हणून फक्त मधला पट्टा खरवडायचा. पट्टा कुठून कुठपर्यंत? सपाट फरशीवर स्की घालून उभं राहायचं आणि दुसऱ्याने खालून कागद सरकवायचा. दोन्ही पायांवर भार असताना कागद जितका मागेपुढे मोकळा सरकतो, तितका पट्टा. बाई खडूने खूण करतात, मग ती बोटभर आत घेतात. क्लिस्टरचा थर जाड असतो, तो साध्या मेणापेक्षा कमी लांबीवर लावायचा. नाहीतर नुसतं सरकतानाही खाली घासतो.

(दृश्य : निळी ट्यूब. हीट गन. अंगठा.)

पहिला थर निळ्या क्लिस्टरचा. निळं कडक. त्याचं काम पकडीचं नाही, धरून ठेवायचं. वरची मऊ खळ खरखरीत बर्फावर तासाभरात घासून जाऊ नये म्हणून हा पाया. ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते, पण गार असली तर दाबून दाबून हात दुखतो. बाईंनी ती तासभर अंगातल्या स्वेटरच्या आत ठेवली होती. आता बघा : मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा, माशाच्या काट्यासारख्या. वरून गरम हवा. रेघा ढिल्या पडतात, चमकायला लागतात. आणि मग अंगठा.

सोबत प्लॅस्टिकची पट्टी मिळते. बाई ती वापरत नाहीत. "अंगठ्याला जाडी कळते," एवढंच म्हणाल्या. खाचेत थेंब गेला तर लगेच पुसायचा, खाच बुजली तर स्की सरळ जात नाही.

थर इतका पातळ की खालचा रंग दिसावा. मग स्की बाहेर गारठ्यात. रात्रभर.

(दृश्य : पुन्हा स्टेशन, सकाळ. लाल ट्यूब. बाईंची बोटं लाल.)

वरचा थर मात्र आज, इथे, मूठ आवळून झाल्यावर. लाल क्लिस्टर. हे मऊ, पाणीदार बर्फाचं. बोटांना लागलं की ते मोज्याला लागतं, मोज्यावरून चेनला, चेनवरून हनुवटीला. कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको. फणसाचा चीक. आणि उपायही तोच, आधी हाताला तेल! मी खोबरेलाची बाटली काढली तेव्हा बाईंनी वास घेतला, थोडं चोळलं, आणि बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली. ती परत आलेली नाही.

लावून झाल्यावर लगेच निघायचं नाही. स्की सावलीत बर्फावर आडव्या, तळ वर, दहा मिनिटं. खळ गार झाली नाही आणि तशीच बर्फावर टेकली, तर पहिल्याच पावलाला बर्फ चिकटतो आणि सुटत नाही.

(दृश्य : झाडांमधली वाट, दोन समांतर चाकोऱ्या. बाई पाठमोऱ्या, लांब सरकत जाताना. निवेदन थांबवा. बारा सेकंद.)

(दृश्य : आकाश करडं. हिमवर्षाव सुरू. भुरभुर.)

साधारण अर्ध्या तासाने हे सुरू झालं. दिसायला सुंदर आहे. ओल्या खळीवर ताज्या पाकळ्या म्हणजे पंचाईत.

(दृश्य : स्कीखाली बर्फाचा गोळा. टाच टेकत नाही. हसण्याचा आवाज.)

हा पाय माझा आहे. याला इकडे 'क्लाब' म्हणतात. पायाखाली वीतभर गोळा, चालताना उंच टाचेची चप्पल घातल्यासारखं. याच्या उलट होतं तेव्हा, म्हणजे पकडच मिळत नाही आणि प्रत्येक झटक्याला पाय मागे सटकतो, त्याला म्हणतात 'बाकग्लात'. हाच शब्द माणसालाही लावतात, ज्याचं काही केल्या पुढे सरकत नाही त्याला. एकाच चढावर दोन्ही भोगता येतात : सावलीत क्लाब, उन्हात बाकग्लात.

बाईंनी खिशातून कांडी काढली. चांदीसारखी चकाकणारी पूड घातलेलं लाल मेण. आधी गोळे खरवडून काढले, स्की गारठू दिली, मग खळीवर हे मेण हलक्या हाताने, ओझरतं. जोर दिला तर खालची खळ वर येते. कॉर्कने वरचेवर घासलं. खाली चिकटा, वर कोरडं पांघरूण. बोथट कणांना खळ, टोकदारांना मेण. कोणत्याही छापील पट्टीवर हे मिश्रण त्या दिवसासाठी लिहिलेलं नव्हतं.

(दृश्य : वाटेवरून भराभर पुढे जाणारी तरुण जोडी. त्यांच्या स्कीच्या तळाला केसाळ पट्टी.)

हे दोघे आमच्या अंगावरून गेले. त्यांच्या स्कीला मेण नाही. मधे मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची पट्टी बसवलेली. शून्याला चालते, उत्तम चालते, हे मान्य करतो. दुकानांत आता हीच पुढे मांडलेली दिसते. बाई त्यांच्याकडे बघून छान हसल्या, काही बोलल्या नाहीत. मी तरी ते हसू कापलेलं नाही.

(दृश्य : दुकानाची फळी, मेणाच्या डब्या.)

फ्लोरिनयुक्त मेणांवर आंतरराष्ट्रीय शर्यतींत 2023–24 च्या मोसमापासून पूर्ण बंदी आहे. ती मुख्यतः स्की पळवण्यासाठी असत, आणि त्यांतली रसायनं मातीत नि रक्तात राहून जातात. शून्याच्या आसपासचे दिवसही वाढत चाललेत.

(दृश्य : उलेव्होल्सेटरची लाकडी वास्तू. खिडकीत वाफ. ब्लॅककरंटचं गरम सरबत, दालचिनीचा बन.)

उलेव्होल्सेटर. जंगलातलं उपाहारगृह. बाहेर भिंतीला टेकवलेल्या स्की बघा, शे-दीडशे तरी असतील. ओळीने चालत गेलात तर प्रत्येकीच्या तळाला त्या त्या माणसाचा आजचा अंदाज दिसतो. निळं, जांभळं, लाल, लालावर चंदेरी. काही नुसत्याच गोळ्यांनी भरलेल्या. लोक कपाळाला हात लावून येतात, आत जाऊन सरबत घेतात, आणि पहिला प्रश्न असतो, तू काय लावलंस?

(दृश्य : तळघर, संध्याकाळ. खरवडणी. लाल-निळा चिकटा चिंध्यांवर.)

परतल्यावर दीड तास खरवडणं. आधी पट्टीने, मग द्रव लावून चिंधीने, मग पुन्हा. फणसाच्या भांड्यांसारखंच.

(दृश्य : कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पाय. त्यावर लाल डाग. बाईंचा हात फ्रेममध्ये येतो, डाग अंगठ्याने चाचपतो.)

"जास्त जाड लागलंय," बाई म्हणाल्या.