तूरडाळीच्या पाकिटावरची मुंगीएवढी ओळ

(तूरडाळीचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरून)

काय लिहिलंय यावर? '३० टक्के सूट'. पिवळा गोल, लाल अक्षरं, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल. आणि आता हे बघा… थांबा, फोकस होऊ दे… ही इथे, एमआरपीच्या खाली, मुंगीएवढी ओळ. ही वाचायला मला चष्मा लावावा लागतो. आज बोलायचंय ते या ओळीबद्दल.

नमस्कार मंडळी. किराण्यात पैसे वाचवायचे म्हणून मी एकदा अख्खा महिना ऑफरच्या मागे धावले होते. रव्याच्या दोन पाकिटांवर एक फुकट होतं, घेतलं. आम्ही घरात तीन माणसं, रवा लागतो फार तर महिन्याला एक किलो. पावसाळ्याचे दिवस. तिसरं पाकीट उघडलं तर आत जाळ्या! सासूबाई म्हणाल्या, "अगं, फुकट म्हणून आणलंस, आता चाळत कोण बसणार?" चाळत मीच बसले. (तेव्हापासून रवा आणला की आधी कढईत भाजून डब्यात.)

तर ही ओळ म्हणजे एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत. वजनमापाच्या नियमांत २०२१ साली बदल झाला, त्यातून ती पाकिटावर आली. त्याच बदलात दुसरीही एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चहा, बिस्किटं, डाळी, तेल यांना आधी वजनं नेमून दिलेली होती, ती यादीच काढून टाकली. म्हणून आता किलोच्या पाकिटाशेजारी तेवढंच दिसणारं ९०० ग्रॅमचं पाकीट बसलेलं असतं, आणि आपण दोन्हीला 'किलो'च म्हणतो.

आता यातली गंमत. पाकीट एक किलोपेक्षा कमी असेल तर ओळ ग्रॅमची, जास्त असेल तर किलोची. म्हणजे ५०० ग्रॅमवर लिहिलेलं असतं '०.१९ रुपये प्रति ग्रॅम' आणि दोन किलोवर '१८२ रुपये प्रति किलो'. दुकानात उभ्या उभ्या याची तुलना कशी करायची? ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणायचं. ०.१९ म्हणजे किलोला १९०. झालं.

पण इथेच माणूस फसतो, मीही फसले. ती ओळ एमआरपीवरून काढलेली असते, तुम्ही काउंटरला जे देता त्यावरून नाही. आणि डाळीची एमआरपी कंपनी ठरवते, सरकार नाही. मग आधी छापील किंमत चढी ठेवायची आणि तिच्यावर ३० टक्के सूट द्यायची, यात अडचण काय आहे? म्हणून सूट असली की मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढायचा. द्यायचे रुपये भागिले ग्रॅम, गुणिले हजार. पाच सेकंदांचं काम. मागे उभी असलेली बाई वैतागते, वैतागू दे.

तेलाचं करून दाखवते. आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या दुकानात वेगळे असतील. (दोन पिशव्या पुढे ठेवून) ही एक लिटरची. एक लिटर खाद्यतेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. किंमत १५५, सूट काही नाही. ही दुसरी, दिसायला जुळी बहीण. एमआरपी १८०, सूट जाऊन १४८. हात हिच्याकडेच जाणार ना? वजन वाचा: ८५० ग्रॅम. पहिली पडली किलोला १७० रुपये, दुसरी १७४. बत्तीस रुपयांची सूट घेऊन आपण महाग तेल घरी आणलं.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हेही डोक्यातून काढा. शाम्पूच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. बाटलीतून हात सढळ होतो, ते वेगळंच.

आता अॅपवरची कुपनं. '२० टक्के सूट', आणि खाली फिकट अक्षरांत 'कमाल १०० रुपये, किमान खरेदी ७९९'. ७९९ वर १०० म्हणजे साडेबारा टक्के झाले. वीस कुठे? सोळाशेचं सामान घेतलंत तर सहा टक्क्यांच्या आसपास. आपली यादी असते साडेसहाशेची, मग दीडशेचं काहीतरी शोधत बसतो. आमच्याकडे अशा शोधातून आलेली ऑलिव्हची बाटली आजही फ्रिजच्या दारात आहे. कुपन वापरायचंच तर महिन्याची यादी आधी कागदावर, मग अॅप उघडायचं. आणि शेवटच्या पानावर हाताळणी शुल्क, डिलिव्हरी शुल्क मिळवून बघायचं, सुटीतून किती उरलं ते.

आणि आपला कोपऱ्यावरचा वाणी? त्याच्याकडे कुपन नाही, पण सुटी डाळ आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे. गोणीतून तोलून दिलेल्या सुट्या डाळीवर नाही. मात्र मूठभर हातावर घेऊन बघायची, खडे आणि चुरा किती आहे ते. चुरा जास्त असेल तर ते पाच टक्के तिथेच गेले. आणि काटा शून्यावर आहे का, हे बघायला लाजायचं नाही.

वर्षाचं धान्य एप्रिल-मेमध्ये भरायचं की नाही, हा प्रश्न जागेचाही आहे. वन रूम किचनमध्ये गव्हाच्या कोठ्या कुठे ठेवणार? दोन-तीन शेजारणींनी मिळून एक कट्टा घेऊन वाटून घेतला तर जमतं. आम्ही तांदळाचा घेतो. भांडण फक्त रिकामं पोतं कुणी न्यायचं यावर होतं.

भाजीला ना कुपन ना एमआरपी. तिथे वेळ बघायची. आठवडी बाजार उठायच्या सुमाराला, आवराआवर सुरू झाली की, दहाची मेथीची जुडी पंधराला दोन होते. घरी येऊन त्याच रात्री निवडायची तयारी असेल तरच घ्या, सकाळपर्यंत पानं पिवळी पडतात.

आता उठा आणि स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी आणा. किंमत नको, ग्रॅम वाचा. ९१० निघाले की ८५०, की त्याहून कमी, ते खाली लिहा. आमच्याकडची सध्याची ८७० ची निघाली, आणि ती मीच निवडून आणलेली.