खाजनातले मीठ, ग्लासातले मीठ

(दृश्य : भरती, मानशीची दारे)
गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, भरतीचे पाणी बांधाला टेकते, तेव्हा मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या फाटकाची, लाकडी दारे त्या पाण्याच्याच दाबाने मिटतात. तरीही खारे पाणी थोडेफार झिरपतेच, आणि त्या खारट चिखलात पिढ्यान्‌पिढ्या तग धरून राहिलेले भात म्हणजे कोरगुट. मीठ सोसण्याचा हा गुण जनुकांतून येतो, असे पुस्तक सांगते. पण जनुके ज्या डीएनएची बनलेली असतात, तो कोणी पाहिलेला असतो? म्हणून आम्ही बांधावरून थेट एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत आलो.

(दृश्य : मेज, केळे, ग्लास)
पिकलेले सालदाटी केळे, भांडी घासायचा पातळ साबण, मीठ, मलमलचा फडका आणि फ्रीजरमध्ये थंड केलेले स्पिरिट, एवढेच साहित्य आहे. मुली केळे कुस्करून साबण-मिठाच्या पाण्यात हलक्या हाताने ढवळतात. पेशीची आणि तिच्या केंद्रकाची आवरणे स्निग्ध असल्यामुळे ती साबणाने फुटतात, तर मिठामुळे डीएनएचे रेणू एकमेकांना दूर न लोटता जवळ येऊ शकतात. गाळलेल्या रसावर ग्लासाच्या कडेने स्पिरिट सोडताना हात हलता कामा नये. आम्हीही इथे कॅमेरा बराच वेळ हलवलेला नाही. डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नसल्याने दोन थरांच्या सीमेवर पांढरट तंतू जमू लागतात.

‘हे शेंबडासारखे दिसते,’ असे एक मुलगी म्हणते. वर्णन अचूक आहे. हा अगदी शुद्ध डीएनए नव्हे, त्यात प्रथिनेही गुंतलेली आहेत. परंतु जनुक म्हणजे बियाण्यात बाहेरून घातलेले काहीतरी, हा गैरसमज पुसायला एवढा गुंता पुरतो.

(दृश्य : कोरगुटाची लोंबी)
भाताच्या 12 गुणसूत्रांवरील डीएनएच्या सुमारे 39 कोटी अक्षरांचा क्रम 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वाचनात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. खारेपण सोसणाऱ्या काही जातींत पहिल्या गुणसूत्रावरचे एक जनुक असे प्रथिन घडवते, जे पानांकडे निघालेल्या रसातून सोडियम काढून घेते.

(दृश्य : प्रयोगशाळेची खिडकी)
मुली काडीवर गुंडाळलेले तंतू छोट्या बाटलीत भरत आहेत. घरी दाखवायचे आहेत.