बघणाऱ्याला आठ जास्त

नमस्कार, श्रोतेहो. आज जपानी पटावरच्या शब्दांविषयी थोडं.

गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. 19 आडव्या रेघा, 19 उभ्या. सोंगटी ठेवायची ती रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. जपानीत याला म्हणतात 'इगो'. आपल्याकडेही पत्ते कुटताना इगो असतोच म्हणा, फक्त तो पटावर नसतो.

मूल खोड्या काढायला लागलं की जपानी आई ओरडते, 'दामे!' म्हणजे, चालणार नाही! हा शब्द पटावरचा. जी जागा घेऊन कुणालाच काही मिळत नाही, ती दामे.

पण माझा आवडता शब्द वेगळाच. ओकामे हाचिमोकु. बाजूला बसून बघणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा आठ चाली जास्त दिसतात. लक्षात ठेवा, बघणाऱ्याला आठ जास्त. (आपल्याकडे पारावर बुद्धिबळ मांडा, बघणाऱ्यांना ऐंशी जास्त दिसतं आणि गप्प एकही बसत नाही. अशांना चहा देऊ नये, या मताचा मी आहे.)

तर गोष्ट 1846 सालची, ओसाकातली. एका बाजूला गेन्नान इन्सेकी, इनोउए घराण्याचे प्रमुख, मुरलेले खेळाडू. समोर होनिन्बो घराण्याचा शुसाकु, वय 17. सुरुवातीलाच पोरगं चुकलं. गेन्नान यांची बाजू वरचढ झाली. बघायला जमलेले शिष्य खूश. गुरुजी जिंकणार, यात शंकाच नाही. आणि शुसाकुने 127 वी चाल केली. सोंगटी जवळजवळ पटाच्या मध्यावर.

शिष्यांचं मत बदललं नाही. तिथे एक वैद्य बसले होते. ते म्हणाले, जिंकणार तो मुलगा. सगळे चकित. तुम्हाला खेळ कळतो का हो? वैद्य म्हणाले, फारसा नाही कळत. पण त्या चालीनंतर गेन्नान यांचे कान लाल झाले. माणूस आतून हादरला की कान लाल होतात.

शुसाकु जिंकला. त्या डावाला जपानात आजही 'कान लाल झाल्याचा डाव' म्हणतात. बघणाऱ्याला आठ जास्त, आणि या बघणाऱ्याची नजर तर पटावर नव्हतीच, कानांवर होती!

अरे, वेळ संपत आली. शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, राहिलंच. तिथलं प्यादं पलटलं की सोनं होतं, त्याला 'नारिकिन' म्हणतात. नवश्रीमंतालाही नाक मुरडत हेच म्हणतात. प्याद्याचा वजीर झाला, असं आपण निदान कधीतरी कौतुकाने म्हणतो. असो. शोगी पुढच्या वेळी. नमस्कार.