प्लग्ड निकेलमधल्या दोन रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुमच्याशी जॅझच्या एका मैफिलीबद्दल बोलायचंय. मैफील म्हटलं, पण खरं तर दोन रात्री आणि त्यात मिळून सात बैठका. गाव शिकागो. तारीख 22 आणि 23 डिसेंबर 1965, बुधवार आणि गुरुवार. नाताळ अगदी तोंडावर आलेला. वेल्स स्ट्रीटवर ‘प्लग्ड निकेल’ नावाचा एक लहानसा क्लब होता आणि तिथे माइल्स डेव्हिसचा क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा संच, वाजवत होता. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने दोन्ही रात्री ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. म्हणून तर आज साठ वर्षांनंतरही जगभरचे जॅझवेडे त्या रात्रींबद्दल बोलतात, वाद घालतात, एकेक बैठक कानात प्राण आणून ऐकतात. मीही त्यांच्यातलाच एक. या ध्वनिमुद्रणांत एवढं काय आहे, ते आज जमेल तसं सांगतो.

आधी माणसं. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, वय 39. टेनर सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, 32 वर्षांचा. तो ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या संचातून आदल्याच वर्षी इकडे आला होता. पियानोवर हर्बी हॅनकॉक, वय 25, हा खुद्द शिकागोचाच मुलगा. डबल बासवर रॉन कार्टर, वय 28. आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स. टोनी माइल्सकडे आला तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. त्या बुधवारी त्याला विसावं वर्ष पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. मिसरूड फुटायच्या वयात या मुलाने अमेरिकेतल्या भल्याभल्या ड्रमवाल्यांना विचारात पाडलं होतं.

माइल्सचं ते वर्ष वाईट गेलं होतं. कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने तो बेजार झाला होता. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, ती टिकली नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा झाली आणि कृत्रिम सांधा बसवावा लागला. कितीतरी महिने ट्रम्पेट बाजूला पडलेलं. आता ट्रम्पेट हे ओठांचं वाद्य. ओठांचा रियाज सुटला की सूर दगा देतो, फाटतो, निसटतो. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि डिसेंबरात शिकागोला आला. या ध्वनिमुद्रणांत त्याचे फाटलेले सूर स्पष्ट ऐकू येतात. काही रसिकांना ते खटकतात. मला विचाराल तर मी ते सूर कुणाच्याही निर्मळ सुरांशी बदलून घेणार नाही. वरचा सूर हाती लागत नाही म्हटल्यावर हा माणूस तिथे थांबतो, खालचा एकच सूर अर्धवट फुंकतो, मग गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्यात पुढचे दोघं-तिघं काय करतात हे ऐकण्यासारखं असतं.

आता क्लबात आलेले लोक काय ऐकायला आले असतील, याचा विचार करा. त्यांना माइल्सची जुनी, ओळखीची गाणी हवी होती. 1955 साली माइल्सचा पहिला गाजलेला क्विंटेट उभा राहिला, त्यात सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता, पियानोवर रेड गार्लंड होता. त्या संचाच्या तबकड्या घराघरांत वाजल्या होत्या. ‘इफ आय वेअर अ बेल’, ‘वॉकिन’, ‘राउंड मिडनाइट’ ही नावं लोकांच्या तोंडी बसलेली. या नव्या संचाने 1965च्या जानेवारीत ‘ई. एस. पी.’ नावाची संपूर्ण नव्या रचनांची तबकडी केली होती, पण त्यातली ‘अजिटेशन’ ही एकच रचना प्लग्ड निकेलमध्ये वाजली. बाकी सगळा जुना माल. म्हणजे वरवर पाहता लोकांना हवं तेच मिळत होतं.

पण झालं वेगळंच. हर्बीने पुढे ही हकीगत सांगितलीय. शिकागोला जाताना विमानात टोनीने एक कल्पना काढली: समोरच्याची जी अपेक्षा असेल त्याच्या बरोब्बर उलट वाजवायचं. वादन चढत चाललंय, आता कळस यायला हवा, असं वाटेल तिथे आवाज एकदम खाली आणायचा. शांत व्हायला हवं तिथे जोर धरायचा. याला त्याने नाव दिलं ‘अँटी-म्युझिक’. टोनीला खुपत होतं ते हे की, इतके दिवस एकत्र वाजवून एकमेकांची सगळी वळणं पाठ झालीत, कोण कधी कुठे जाणार हे आधीच कळतं. बाकीचे तयार झाले. माइल्सला मात्र कुणी काही बोललं नाही. क्लबात येऊन बघतात तो काय, ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडलेली! आता काय करायचं? पण ठरलं ते ठरलं.

ही गोष्ट किती धाडसाची होती, ते आपल्याकडच्या ख्यालाच्या मैफिलीवरून लगेच ध्यानात येईल. गायक आलाप करतोय, तानेत शिरतोय, कितीही दूर गेला तरी खाली तबलजीचा ठेका चालू असतो. समेची जागा हरवत नाही, म्हणून गायक निर्धास्त. समजा, ऐन तानेच्या मध्यावर तबलजीने ठेकाच सोडला. हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसला, आणि पेटीवालाही थांबला. गायकाने काय करावं? प्लग्ड निकेलमध्ये तरुण मंडळींनी आपल्या उस्तादाला नेमकं तिथे नेऊन सोडलं, आणि एकमेकांनाही.

‘वॉकिन’ घ्या. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं हे साधं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेला गाण्याचा साचा. 1954 साली माइल्सने ते पहिल्यांदा मुद्रित केलं तेव्हा ते नावाप्रमाणेच रमतगमत चालत होतं. इथे ते सुसाट सुटलंय. टोनीची काठी सिंबलवर, म्हणजे ड्रम्सच्या संचातल्या झांजेवर, इतकी वेगाने पडते की ठोके वेगळे न वाटता एकच झिळमिळता पडदा ऐकू येतो. माइल्स एक तुकडा फेकतो, थांबतो. त्या रिकाम्या जागेत टोनी नेहमीचं भरणं भरत नाही. उलट सिंबल सोडून देतो. एकदम पोकळी. रॉनचा बास तेवढा चालत राहतो. मग वेन येतो. सॅक्सोफोनवाला रंगात आला की पियानोने खालून स्वरगुच्छ देत त्याला टेकू द्यायचा, ही जॅझची रीत. हर्बी हात उचलून घेतो, कितीतरी आवर्तनं पियानो वाजतच नाही. वेन एकटा पडतो, आणि एकटा पडल्यावर जे वाजवतो, ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. तो मोठ्या ताना घेत नाही. एखादं तीन सुरांचं वळण उचलतो, ते उलटंपालटं करतो, मध्येच दुसऱ्याच कुठल्या गाण्याची आठवण यावी तसा एक तुकडा टाकतो, परत पहिल्या वळणावर येतो. वेनच्या या दोन रात्रींतल्या वादनाचं स्वरलेखन करून ते बोटांवर बसवणं, हा आज जॅझ शिकणाऱ्या मुलांचा रियाजाचा भाग झालाय.

एक नाव मात्र लोक पटकन घेत नाहीत आणि मला त्याचा राग येतो. रॉन कार्टर. सगळे जण घर सोडून हिंडायला निघालेले असताना किल्ली याच्या खिशात होती. लय दुप्पट होवो, अर्धी होवो, टोनी मध्येच एकदम दुसऱ्याच गतीत शिरो, रॉनच्या चार तारांत गाण्याचा सांगाडा सुखरूप असतो. तोही खोड्या करतो, एकच सूर धरून बसतो, बाकीच्यांना अधांतरी ठेवतो. पण कुठे आहोत हे त्याला माहीत असतं. पहिल्या ऐकण्यात सगळं विस्कटल्यासारखं वाटलं तर खुशाल फक्त बास ऐका. गाणं सापडेल.

आणि माइल्स? त्याला कुणी सांगितलं नव्हतं, हे मी मघाशी म्हटलं. तो गोंधळला का? छे! दोन-चार आवर्तनांत त्याने काय चाललंय ते ओळखलं असावं, कारण तोही त्याच वाटेने निघतो. गाण्याची चाल पूर्ण वाजवतच नाही. तीन-चार सूर सांगतो, उरलेली चाल ऐकणाऱ्याच्या मनात आहेच हे धरून चालतो आणि पुढे निघतो. ‘स्टेला बाय स्टारलाइट’ अशीच अर्ध्या शब्दांत सांगितल्यासारखी सुरू होते. एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं. कुठलं गाणं वाजवतोय हे सांगण्याची त्याला सवयच नव्हती. बैठक संपत आली की ‘द थीम’ ही छोटी खूण वाजते आणि लोकांना कळतं, आता मध्यंतर.

लोकांबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण तेही या ध्वनिमुद्रणात आहेत. कुणी बोलतंय, कुणाच्या ग्लासांचा किणकिणाट होतोय, मध्येच कुणाचं हसू. टाळ्या पडतात, पण सभागृह दणाणून सोडणाऱ्या नव्हेत, मोजक्याच. यावरून कुणी म्हणतं की त्या लोकांना समोर काय घडतंय ते समजलंच नाही. मला हे पटत नाही. नाताळच्या आठवड्यातली थंडीची रात्र, दिवसभराचं काम उरकून माणसं आलीयत, समोर ओळखीच्या गाण्याची ओळख पुसली जातेय, आणि तरी ती बसून राहतात. दुसऱ्या रात्री तर चार बैठका झाल्या. आठ-नऊ मिनिटं चाललेल्या एखाद्या तुकड्यानंतर टाळ्यांच्या आधी एक क्षण काहीच ऐकू येत नाही. तो क्षण मी दाद म्हणूनच ऐकतो.

एक गोष्ट जाता जाता. पहिल्या रात्री हे लोक ‘ओलिओ’ वाजवतात. ही रचना सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सची, त्याने 1954 साली माइल्सबरोबर ती मुद्रित केली होती. हाच रोलिन्स पुढे 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात वादन बाजूला ठेवून आपल्या मुंबईत, पवईच्या आश्रमात येऊन राहिला आणि 1978 साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा तिथे वाजवायलाही आला. त्या जॅझ यात्रेने मुंबईतल्या एका पिढीला जॅझ समोर बसून ऐकण्याची गोडी लावली. तबकडीवर ऐकलेला माणूस डोळ्यांसमोर उभा राहून तेच गाणं वेगळं वाजवतो, हा धक्का त्या पिढीला ठाऊक आहे.

आता या फितींचं काय झालं ते ऐका. कंपनीने त्या कपाटात ठेवून दिल्या. काही भाग सगळ्यात आधी बाहेर आला तो जपानमध्ये, 1976 साली. अमेरिकेत यायला 1982 उजाडलं. सातही बैठका, क्रमवार, आठ सीडींच्या संचात अमेरिकन रसिकांच्या हाती पडल्या तेव्हा 1995 साल होतं. माइल्स 1991मध्येच गेला होता. म्हणजे तीस वर्षं ही मैफील बहुतेक जगाने ऐकलीच नव्हती. मधल्या काळात जपानी तबकड्या मिळवणारे, त्यांच्या कॅसेटी करून मित्रांना देणारे, ‘अरे, हे एकदा ऐकून तर बघ’ म्हणून मागे लागणारे जे होते, त्यांचं ऋण मी मानतो. कंपनीला पुढे संपूर्ण संच काढावासा वाटला, त्यामागे अशा माणसांची भूक होतीच.

संपूर्ण संच हाती आल्यावर एक नवीन सुख मिळालं. ‘इफ आय वेअर अ बेल’, ‘स्टेला’, ‘वॉकिन’, ‘आय फॉल इन लव्ह टू ईझिली’ ही चार गाणी दोन्ही रात्रींच्या पहिल्या बैठकीत त्याच क्रमाने येतात. तीच माणसं, तीच जागा, मध्ये फक्त एक दिवस. आणि तरी दुसऱ्या रात्रीचं एकही वळण पहिल्या रात्रीच्या वळणावर ठेवता येत नाही. लय वेगळी, कोण कधी गप्प बसणार ते वेगळं, शेवट वेगळा. काल रंगलेली जागा आज पुन्हा घ्यावी, असा मोह एकालाही झालेला दिसत नाही. रंगलेली जागा सोडून द्यायला किती बळ लागतं, हे ज्यांनी कधी चार लोकांसमोर गायलं-वाजवलंय त्यांना विचारा.

तुमच्यापैकी ज्यांनी जॅझ फारसं ऐकलेलं नाही, त्यांना माझी एक विनंती आहे. थेट या संचापासून सुरुवात करू नका. आधी माइल्सच्या 1950च्या दशकातल्या तबकड्यांतलं ‘इफ आय वेअर अ बेल’ चार-पाच वेळा ऐका, चाल गुणगुणता येईपर्यंत. 1954चं ‘वॉकिन’ ऐका. चाल अंगात मुरली की मग प्लग्ड निकेलची पहिली बैठक लावा, हेडफोन असेल तर उत्तम. पहिल्या खेपेला फक्त टोनीकडे लक्ष द्या आणि तो कुठे थांबतो तेवढं टिपा. दुसऱ्या खेपेला रॉनला धरा. तिसऱ्या खेपेला हर्बी, विशेषतः तो वाजवत नसेल तेव्हा. माइल्स आणि वेन तुम्हाला आपोआप ऐकू येतीलच. मग दुसऱ्या रात्रीची पहिली बैठक लावा.

आठ सीडींचं हे सगळं वादन आता इंटरनेटवर सहज मिळतं. घाई करू नका. एका संध्याकाळी एकच बैठक पुरे. नमस्कार.