न निघालेल्या प्रवासाचं वेळापत्रक

मित्रहो, आधी एक दुरुस्ती. ओळख करून देताना माझा उल्लेख ‘जगभर फिरलेल्या’ असा झाला. ते खरं नाही. मी जगभर फिरण्याचे बेत आखले आहेत. ११ वह्या आणि ४१ बेत. त्यातले प्रत्यक्षात पार पडले ३.

मग लोक हळहळतात. मला त्याची गंमत वाटते. बुद्धिबळ खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, खरं राज्य कधी जिंकणार? बेत आखणं हा माझा डाव आहे. प्रवास घडला तर उत्तम, नाही घडला तरी डाव रंगलेला असतो. २०१० साली नेदरलँड्समधल्या १,५३० लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं निघण्याआधी इतरांपेक्षा खूश होती, आणि परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नव्हता. अभ्यास चांगलाच आहे, पण त्याचा दाखला जोडून छंदाचं समर्थन करावं असं मला वाटत नाही. छंदाला कसलं आलंय प्रमाणपत्र!

मात्र बेत आणि मनोराज्य यांत गल्लत नको. मनोराज्यात आकाश कायम निळं असतं, बोट आपल्यासाठी थांबून राहते. बेतात गाडी चुकू शकते. जो बेत फसूच शकत नाही त्यात मला रस नाही. म्हणून माझा एकच नियम आहे: उद्या सकाळी तिकिटं काढायची आहेत असं समजून लिहायचं. पैसा आणि रजा या दोन गोष्टींची सूट मी स्वतःला दिली आहे, त्या अमर्याद. बाकी सगळं खरं. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे एकमेकांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तर वहीतही नव्वदच. नव्वदाव्या दिवशी मी मुकाट्याने सीमेबाहेर पडते.

नवीन माणूस आधी ठिकाणांची यादी करतो. माझा सल्ला, आधी महिना ठरवा. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जायचंय, मध्यरात्रीचा सूर्य पाहायचाय आणि रात्रीच्या आकाशात झळकणारा उत्तरध्रुवीय प्रकाशही. बरं. पण तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, मग अंधाराशिवाय तो प्रकाश दिसणार कुठून? दोन्हींपैकी एक सोडावं लागतं. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराचं तसंच. पावसाळ्यात त्यावर पाण्याचा थर साचला की दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या त्या पसाऱ्याचा आरसा होतो. पण मधल्या इंकावासी बेटावरचे उंच निवडुंग पाहायचे तर कोरडा मोसम बरा, कारण पाणी असलं की गाड्यांना तिथवर जाणं अनेकदा जमत नाही. आरसा की निवडुंग? माझा एक अख्खा रविवार या प्रश्नात गेला आहे आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. (निवडुंग जिंकले.)

आता जोडण्यांबद्दल. एक गाडी, बोट किंवा विमान सोडून दुसरं पकडायचं ती जागा. बेताचं कसब इथेच कळतं. १८८९ सालची गोष्ट आहे. १४ नोव्हेंबरला नेली ब्लाय ही पत्रकार न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघाली, ऐंशी दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करायला. सामान म्हणाल तर हातात मावणारी एक छोटी बॅग. त्याच दिवशी दुसऱ्या एका प्रकाशनाने एलिझाबेथ बिसलँड या पत्रकाराला पश्चिमेच्या दिशेने पाठवलं. तिला तयारीला मिळाले काही तास. ब्लायला या शर्यतीची खबर लागली ती थेट हाँगकाँगला पोहोचल्यावर. बिसलँड शेवटच्या टप्प्यापर्यंत चांगली चालली होती. मग फ्रान्समधल्या एका स्टेशनावर तिला सांगण्यात आलं, की साउथॅम्प्टनची वेगवान बोट निघून गेली. तिला आयर्लंडहून एका संथ बोटीने अटलांटिक ओलांडावा लागला. ब्लाय ७२ दिवसांत परतली, बिसलँडला ७६ लागले. दोघींनीही जूल्स व्हर्नच्या कादंबरीतल्या ऐंशी दिवसांवर मात केली, पण सगळे नाव घेतात ते ब्लायचं. मी मात्र ही हकिकत वाचते तेव्हा फ्रान्समधल्या त्या स्टेशनाशीच थबकते. माझ्या वहीत अशा प्रत्येक जागी लाल फुली असते, आणि फुलीपुढे लिहिलेलं असतं: ‘चुकली तर?’

माझा सगळ्यात लाडका बेत दक्षिण अटलांटिकचा. वहीत डाव्या पानावर पेन्सिलीने बेत आणि उजव्या पानावर शाईने तो का बदलला याची नोंद, अशी माझी पद्धत आहे. या बेताचं डावं पान खोडून खोडून पातळ झालंय. जायचंय ट्रिस्टन दा कुन्याला. जगातली सगळ्यात दुर्गम वस्ती, माणसं अडीचशेहूनही कमी, विमानतळ नाही. केपटाउनहून सुमारे २,८०० किलोमीटर, बोटीने आठवडाभर. वर्षाकाठी मोजक्याच फेऱ्या. त्याआधी बेटाच्या कौन्सिलची परवानगी लागते. आणि एवढं करून पोहोचलात तरी उतराल याची खात्री नाही. बंदर लहान आहे. मोठी बोट बाहेर समुद्रात थांबते आणि लाटा शांत असतील तरच छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे बेट समोर दिसतंय आणि आपण डेकवर उभे. कधी कधी काही दिवस.

या बेतात मी सेंट हेलिनाही घातलं होतं, नेपोलियनला ठेवलं ते बेट. दोन्ही बेटं कारभाराच्या दृष्टीने एकाच ब्रिटिश प्रदेशात मोडतात, त्यामुळे मला वाटलं, शेजारी असतील. शेजारी कसले, दोघांत २,४०० किलोमीटर समुद्र! सेंट हेलिनाला जायला केपटाउनहून टपालबोट होती, पाच दिवसांची. मी तिच्या तारखा ट्रिस्टनच्या बोटीशी जुळवत बसले होते. तेवढ्यात सेंट हेलिनाला विमानतळ झाला. पण धावपट्टीवरचे वारे इतके फसवे, की नियमित विमानं सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये टपालबोट कायमची थांबली आणि माझं पानही तिच्याबरोबर बुडालं. आता तिथे विमानाने काही तासांत पोहोचता येतं. बेटावरच्या लोकांचं भलं झालं, यात शंका नाही. मी तरी त्या पानावर अजून विमान लिहिलेलं नाही.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून रशियन रेल्वेने तिकिटांवर मॉस्कोच्या वेळेऐवजी स्थानिक वेळ छापायला सुरुवात केली. माझा एक बेत या रेल्वेचाही होता: मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,२८९ किलोमीटर. शेवटच्या स्टेशनपर्यंत सात तासांचा फरक. वहीतली प्रत्येक वेळ नव्याने लिहिली.

स्वतःची चूकही सांगते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटाला जायचा बेत होता. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, ती ओलांडली की वार बदलतो, हे मला ठाऊक होतं हो! सामोआने २०११ मध्ये रेषेची बाजू बदलली तेव्हा त्यांच्या कॅलेंडरात ३० डिसेंबर उगवलाच नाही, ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगत असे. आणि तरी रविवारी सकाळी ऑकलंड सोडून रविवारी रात्रीचा मुक्काम लिहिला. माझ्या भाचीने वही उघडली, बोटाने ओळ धरली आणि म्हणाली, “मावशी, तू तर शनिवारी दुपारी उतरतेस. शनिवारी रात्री झोपलीस कुठे?” तेव्हापासून माझ्या वह्या तीच तपासते.

कॅस्पियन समुद्राच्या पानाने मात्र आम्हा दोघींना दमवलंय. अझरबैजानच्या राजधानीच्या, बाकूच्या दक्षिणेला अलात नावाचं बंदर आहे, तिथून पलीकडे कझाकस्तानात अकताउला बोट जाते. पण ती मुळात मालवाहू. ट्रक आणि रेल्वेचे मालडबे भरले, हवा बरी असली, की निघते. ठरलेली वेळ नाही. आता अशा बोटीची जोडणी कशी लावायची? मी लिहिलं, ‘३ ते ६ दिवस राखीव’. भाची म्हणते, हा काही बेत नव्हे, हा जुगार आहे. वाद मिटलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तीच माझी ट्रॉम्सोची पानं घेऊन निघाली. मी सगळं लिहिलं होतं, बसच्या वेळा, बोटीचा धक्का, पाऊस आला तर काय. तिसऱ्या रात्री फोन आला. “मावशी, दोन वाजलेत आणि तोंडावर ऊन आहे. खोलीचे पडदे पातळ आहेत.” पडद्यांचा रकाना माझ्या वहीत नव्हता. आता आहे.